वापरलेल्या उच्चक्षमता मोटारीची खरेदी

वापरलेल्या उच्चक्षमता मोटारीची खरेदी म्हणजे सर्वसाधारण प्रवासी मोटारीपेक्षा अधिक शक्तीची आणि अधिक वेगासाठी घडवलेली, पूर्वी एक वा अनेक मालकांनी वापरलेली मोटार विकत घेण्याचा व्यवहार होय. अशी मोटार कारखान्यातून बाहेर पडली त्याच, म्हणजे मूळ स्थितीत असू शकते. किंवा आधीच्या मालकाने तिच्या इंजिनात, सायलेन्सरमध्ये, सस्पेन्शनमध्ये वा चाकांमध्ये फेरबदल केलेले असू शकतात. फेरबदल केलेल्या मोटारीस बोलीभाषेत 'मॉडिफाइड गाडी' म्हणतात. भारतात हा व्यवहार मोटार वाहन कायदा, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या चौकटीत होतो. या कायद्यात 'उच्चक्षमता' असा स्वतंत्र वर्ग नाही. खासगी मोटार कितीही शक्तिशाली असली तरी तिची गणना हलक्या मोटार वाहनातच होते.

सामान्य जुन्या मोटारीच्या तुलनेत या व्यवहारात दोन जोखमी अधिक असतात. पहिली तांत्रिक: इंजिनावर पूर्वी किती ताण आला हे बाहेरून दिसत नाही. दुसरी कायदेशीर: मोटारीची प्रत्यक्ष स्थिती आणि नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील यांत तफावत असल्यास तिचे परिणाम नव्या मालकाला भोगावे लागतात.

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील मोटार उद्योगात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याला महत्त्वाचे स्थान आहे. शहराच्या पूर्वेस शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा कंपनीचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला आणि तेथे प्रथम ऑक्टेव्हिया या मोटारीची जुळणी होऊ लागली. पुढे ऑडीच्या काही मोटारींची जुळणीही येथे झाली. ऑक्टेव्हियाची 'आरएस' ही वेगवान आवृत्ती २००४ मध्ये भारतात आली, तिच्या १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची शक्ती १५० पीएस होती. २०२० मध्ये आलेल्या आरएस २४५ या आवृत्तीच्या केवळ २०० मोटारी पूर्णतः तयार स्वरूपात आयात करून भारतात विकण्यात आल्या. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार झालेली १४५ पीएस शक्तीची फियाट अबार्थ पुंटो (२०१५) आणि आयात केलेली १९२ पीएस शक्तीची फोक्सवॅगन पोलो जीटीआय (२०१६) याही मर्यादित संख्येत विकल्या गेलेल्या मोटारी होत. नव्या मोटारींची विक्री थांबल्याने या मोटारी आता केवळ वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातच मिळतात.

महागड्या मोटारींची मागणी महानगरांपुरती मर्यादित नाही, हे ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादमध्ये दिसून आले. त्या वेळी शहरातील ग्राहकांच्या एका गटाने एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज-बेंझ मोटारी एकाच दिवशी खरेदी केल्या. या घटनेची देशभर चर्चा झाली.

जिल्ह्याच्या पश्चिम भागातील वैजापूर तालुक्यातून नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग जातो. या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. महामार्गावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्यामुळे दीर्घकाळ सलग वेगाने मोटार चालवणे या भागात नित्याचे झाले असून जुन्या मोटारीचे टायर, ब्रेक आणि शीतन व्यवस्था यांच्या स्थितीला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

मूळ स्थितीतील आणि फेरबदल केलेली मोटार

फेरबदलांचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात.

१. संगणकीय फेरबदल: इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकातील आज्ञावली बदलून टर्बोचार्जरचा दाब व इंधनाचे प्रमाण वाढवले जाते. यास 'रीमॅप' म्हणतात. बाहेरून पाहता याची कोणतीही खूण दिसत नाही.

२. यांत्रिक फेरबदल: मोठा टर्बोचार्जर, रुंद धूरनलिका, वेगळे एअर फिल्टर, कमी उंचीच्या स्प्रिंगा इत्यादी. धूरनलिकेतील उत्प्रेरक परिवर्तक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून टाकल्यास मोटार प्रदूषण मानकांत बसत नाही.

३. बाह्य फेरबदल: मोठी चाके, रंगबदल, जादा दिवे, बाह्यांगाचे जोडभाग.

शक्ती वाढवताना इंजिनाशी जोडलेल्या भागांची सहनशक्ती मात्र तेवढीच राहते. भारतात विकल्या गेलेल्या तिसऱ्या पिढीतील ऑक्टेव्हियाचे १.८ टीएसआय इंजिन मूळ स्थितीतच २५० न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि तिच्यासोबत येणाऱ्या कोरड्या क्लचच्या सात-गती डीएसजी गिअरबॉक्सची रचनामर्यादाही २५० न्यूटन-मीटर आहे. अशा मोटारीचे रीमॅप केल्यास पहिल्या दिवसापासून गिअरबॉक्स मर्यादेपलीकडे काम करतो. विक्रीपूर्वी मूळ आज्ञावली परत बसवली तरी क्लचची झालेली झीज भरून निघत नाही. म्हणून 'गाडी आता मूळ स्थितीत आहे' या विधानापेक्षा 'गाडी कधी बदलली होती का' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

तांत्रिक तपासणी

तपासणी इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करतात. विक्रेत्याने इंजिन आधीच तापवून ठेवलेले असल्यास थंड अवस्थेतील खडखडाट व धूर लपून राहतो. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे, काळा धूर इंधन अतिरिक्त जात असल्याचे आणि इंजिन तापल्यानंतरही न थांबणारा पांढरा धूर शीतक ज्वलनकक्षात शिरत असल्याचे लक्षण मानले जाते.

सिलिंडरांचा दाब मापकाने तपासला जातो. कोणत्याही दोन सिलिंडरांमधील फरक साधारणतः १० टक्क्यांहून अधिक असल्यास पिस्टन रिंगा, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट यांची सखोल तपासणी आवश्यक ठरते. मोटारीच्या निदान-जोडणीस (ओबीडी) स्कॅनर लावून दोषसंकेत वाचता येतात. हे संकेत विक्रीपूर्वी पुसलेले असू शकतात. तथापि पुसल्यानंतर प्रदूषण नियंत्रणाशी संबंधित स्वयंचाचण्या काही काळ 'अपूर्ण' दाखवल्या जातात, त्यावरून संकेत नुकतेच पुसल्याचे कळू शकते.

रंगाच्या थराची जाडी मापकाने मोजल्यास अपघातानंतरचे डेंटिंग-पेंटिंग लक्षात येते. कारखान्यातील रंगाचा थर बहुधा १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. एखाद्याच पत्र्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट जाडी आढळल्यास तो भाग पुन्हा रंगवलेला असतो. अंतरदर्शकावरील किलोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदी, विम्याचे जुने कागद आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रे यांच्याशी ताडून पाहिला जातो.

टायरवरील शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवतात. उदाहरणार्थ '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायरवर वेगमर्यादेचे अक्षरही असते: 'एच' म्हणजे ताशी २१०, 'व्ही' म्हणजे २४० आणि 'डब्ल्यू' म्हणजे २७० किलोमीटर. खर्च वाचवण्यासाठी कमी वेगश्रेणीचे टायर बसवलेली शक्तिशाली मोटार धोकादायक ठरते. मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असणे नियमानुसार बंधनकारक आहे. मात्र नक्षी शाबूत असली तरी जुना रबर कडक होऊन उष्णतेत फुटू शकतो.

मालकी हस्तांतरण

वापरलेली मोटार विकल्यावर कायद्याच्या कलम ५० नुसार, मोटार त्याच राज्यात नोंदलेली असल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणास कळवावे लागते. त्यासाठी नमुना २९ व ३० वापरतात. मोटारीवर कर्ज असल्यास ते फिटल्याचा नमुना ३५ आणि वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आवश्यक असते. दुसऱ्या राज्यातील मोटारीसाठी तेथील कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्रातील कर भरून नवा क्रमांक घ्यावा लागतो.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा नोंदणी संकेतांक एमएच-२० असून वैजापूर येथील उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाला एमएच-५७ हा संकेतांक आहे. त्यामुळे तालुक्यात विक्रीस येणारी जुनी मोटार बहुधा 'एमएच-२० पासिंगची' असते. व्यवहारापूर्वी चासी क्रमांक व इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळवणे, तसेच कर्जबोजा, मालकांचा क्रम आणि प्रलंबित ई-चलान परिवहन विभागाच्या 'वाहन' या संगणकीय नोंदींत पाहणे आवश्यक असते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या मोटारींना महाराष्ट्रात उच्चसुरक्षा क्रमांकपाटी बसवणेही बंधनकारक करण्यात आले आहे.

स्टॅम्पपेपरवर करार करून आणि सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन मोटार सोपवण्याची पद्धत सर्वत्र आढळते. यात विक्रेता व खरेदीदार दोघेही अडचणीत येतात. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात असे स्पष्ट केले की, मोटार प्रत्यक्षात अनेकदा विकली गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक असून अपघाताच्या नुकसानभरपाईस तोच जबाबदार राहतो.

फेरबदलांची कायदेशीर स्थिती

कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूलतः नमूद केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किंवा एलपीजीसाठी मान्यताप्राप्त संच बसवणे यांसारखे अपवाद आहेत. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला व निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरबदल नोंदवता येणार नाहीत असा निर्णय दिला. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने घातलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ध्वनी व वायू प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारी मोटार चालवल्यास कलम १९०(२) अन्वये १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ही दुसरी तरतूद मोटार चालवणाऱ्यास लागू होत असल्याने सायलेन्सर आधीच्या मालकाने बदलला होता हा बचाव नव्या मालकास उपयोगी पडत नाही.

विमा

कलम १५७ नुसार मालकी बदलताच विमा नव्या मालकाकडे गेल्याचे मानले जाते आणि त्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नोंद करून घ्यायची असते. मात्र हे आपोआप होणारे हस्तांतरण त्रयस्थ पक्षाच्या नुकसानीपुरतेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीची भरपाई मिळण्यासाठी विमा नव्या नावावर करून घेणे आवश्यक असते. विनादावा सवलत ही मोटारीची नसून मालकाची असते, त्यामुळे ती खरेदीदाराकडे येत नाही.

त्रयस्थ पक्ष विम्याचा हप्ता इंजिनाच्या घनक्षमतेवर ठरतो, शक्तीवर नव्हे. म्हणून रीमॅप केलेल्या मोटारीचा हा हप्ता बदलत नाही. परंतु न कळवलेला फेरबदल अपघातानंतर उघड झाल्यास स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. पाच वर्षांपर्यंत मोटारीचे विमामूल्य ठरलेल्या दराने घटत जाते व चार ते पाच वर्षांच्या मोटारीस ५० टक्के घसारा धरतात. त्यानंतरचे मूल्य परस्पर संमतीने ठरते. फेरबदलांवर झालेला खर्च कळवून समाविष्ट केल्याखेरीज या मूल्यात धरला जात नाही.

आयात केलेल्या मोटारी

आयात मोटारीच्या बाबतीत सीमाशुल्क भरल्याचे कागद महत्त्वाचे असतात. क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर यांना २००२ मध्ये भेट मिळालेल्या फेरारी ३६० मोडेना या मोटारीच्या शुल्कमाफीवरून २००३ मध्ये वाद झाला आणि अखेर फियाट कंपनीने ते शुल्क भरले. ही मोटार २०११ मध्ये सुरत येथील एका व्यावसायिकाने विकत घेतली. वापरलेल्या पोर्शे कॅरेरा मोटारीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये असा निर्णय दिला की, नंतरचा खरेदीदार हा आयातदार नसल्याने बुडवलेले शुल्क त्याच्याकडून वसूल करता येत नाही. तथापि त्यासाठी खरेदीदारास न्यायाधिकरण व उच्च न्यायालय या पायऱ्या ओलांडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

आर्थिक बाबी

उच्चक्षमता मोटारीची विक्री किंमत काही वर्षांत निम्म्याहून खाली येऊ शकते, पण सुट्या भागांच्या किमती नव्या मोटारीच्या दर्जानुसारच राहतात. टर्बोचार्जर, ड्युअल क्लच किंवा मोठ्या चाकांचे टायर बदलण्याचा खर्च दुसऱ्या मालकाच्या वाट्याला येतो. तालुक्याच्या ठिकाणी अशा मोटारींची अधिकृत सेवा केंद्रे बहुधा नसतात, त्यामुळे देखभालीसाठी मोठ्या शहरात जाण्याचा खर्चही त्यात मिळवावा लागतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून खरेदी केल्यास त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो; नोंदणी नसलेल्या दोन व्यक्तींमधील व्यवहारास हा कर लागू नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते, त्यानंतर ती पाच वर्षांसाठी नूतनीकृत करावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्ली परिसरात १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल व १५ वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल मोटारींवर आलेल्या निर्बंधांमुळे तेथील मोटारी इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. अशा मोटारीच्या किमतीत महाराष्ट्रातील कर आणि पुनर्नोंदणीचा खर्च मिळवूनच तुलना करावी लागते.