वाघ, वाघरू, वाघ्या

पुणेकराला पानशेत म्हटले की १२ जुलै १९६१ चा पूर आठवतो. धरणाच्या मागच्या अंगाला, आंबी नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांच्या आठवणी निराळ्या आहेत. तिथे गोठ्यातून वासरू नाहीसे झाले की वाडीभर एकच वाक्य फिरते: वाघानं नेलं. वनरक्षक येतो, चिखलातला ठसा मोजतो आणि पंचनाम्यात ‘बिबट’ लिहितो. त्याचेही बरोबरच असते. भरपाईच्या सरकारी यादीत वाघ आणि बिबट ही वेगळी नावे आहेत, आणि या वेल्ह्याच्या डोंगरात आज वावरतो तो ठिपक्यांचाच. मग पेपरात ‘वाघ नव्हे, बिबट्या’ असा खुलासा येतो आणि वाचणाऱ्याचा समज होतो की डोंगरातल्या माणसाला दोन जनावरांतला फरक कळत नाही. हा समज मला फार खटकतो. वेल्ह्यातला माणूस बोलतो ती मराठीची जुनी, रुळलेली रीत आहे, आणि तिचे कूळ चांगले लांबवर लागते.

संस्कृतात व्याघ्र, प्राकृतात वग्घ, मराठीत वाघ. व्याकरणकारांनी ‘व्याघ्र’ची फोड वि + आ + घ्रा अशी केली, म्हणजे हुंगत फिरणारा. शूर माणसाला वाघ म्हणण्याची चालही तितकीच जुनी. ‘पुरुषव्याघ्र’सारखे समास कसे होतात याचा नियम पाणिनीने सूत्रात बांधून ठेवला आहे. आपल्या वादाचा निकाल मात्र अमरकोशात मिळतो. तिथे सिंहादिवर्गात शार्दूल आणि द्वीपी हे दोन्ही शब्द व्याघ्राखालीच येतात. द्वीपी म्हणजे अंगावर बेटांसारखे ठिपके असलेला, म्हणजे आपला बिबट्या. ठिपकेवाल्याला वाघांत धरण्याची रीत अमरसिंहाच्याही आधीपासून चालत आली असणार, कारण कोशकार शब्द घडवत नाही, चालू असलेले टिपून ठेवतो.

मराठीने हेच पुढे चालवले. पट्टेरी वाघ, ढाण्या वाघ, बिबट्या वाघ, बिबळ्या वाघ. पुढे विशेषण लावावे लागते, यातच कळते की मागचे नाव साऱ्या कुळाचे आहे. गुरे नेणारे, दबा धरणारे, माणसाला रात्री दार लावायला लावणारे जे कोणी, तो वाघ. पट्टेवाल्यापुरते हे नाव राखून ठेवायची सवय आपल्याला पाठ्यपुस्तकांनी आणि सरकारी कागदांनी लावली. शास्त्राला ती काटेकोर वाटणी हवी, याबद्दल माझी तक्रार नाही. पण तीच वाटणी घेऊन वाडीतल्या म्हातारीची भाषा दुरुस्त करायला जाऊ नये.

शिवाय रानात हे नावही सहसा उघड घेत नाहीत. ‘जनावर हाय वर’ एवढे म्हटले तरी पुरते. किंवा म्हणतात वाघरू. हा शब्द नीट पाहावा. वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू ही सगळी नपुंसकलिंगी, लहानग्यांची, जीव लावायची नावे. मावळातल्या माणसाने वासरू नेणाऱ्यालाच वासराच्या साच्यात बसवले. ‘वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो’ ही म्हण तोंडात असूनही नाव मऊ करून घेण्याचे त्याने सोडले नाही. सगळ्या मराठीत याहून धीट शब्द मला माहीत नाही.

नाव मऊ करणे आणि देव मानणे यांत अंतर थोडेच. भोरहून महाडला उतरणाऱ्या वरंध घाटात वाघजाईचे देऊळ आहे. आज तिथे गाड्या थांबतात, भज्यांचे घाणे निघतात, पोरे माकडांना हाकलत असतात. पायी घाट चढणाऱ्याच्या काळात याच जागी नारळ ठेवल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नसणार. उत्तरेला जुन्नर-अकोल्याकडे महादेव कोळी वाघबारस पाळतात, तीही वसुबारसेच्याच दिवशी. गाय-वासराची पूजा आणि ते खाणाऱ्याचीही पूजा एकाच तिथीला. ठाणे-पालघरकडच्या वारल्यांचा वाघोबा शेंदूर लावलेल्या लाकडी फळीवर किंवा दगडावर कोरलेला असतो, आणि त्याच्यापुढे हात जोडणाऱ्याच्या मनात पट्टेरी आणि बिबट्या असे दोन देव नसतात.

खंडोबाचा वाघ्या तर या शब्दाचे सर्वांत चमत्कारिक रूप. गळ्यात वाघाच्या कातड्याची भंडाऱ्याची पिशवी, आणि वागणे देवाच्या कुत्र्याचे: भुंकायचे, कोटंब्यात वाढलेले खायचे. धनगराच्या वाड्यावर राखणीच्या कुत्र्याचेही नाव वाघ्याच. बिबट्याला कुत्रा फार आवडतो. तेव्हा अमावास्येच्या रात्री वाघाने वाघ्याला नेले, असे घाटमाथ्यावर घडते आणि तसेच बोललेही जाते.

वनस्पतींतही तो शिरला आहे. वाघाटीचा वेल रानात काट्यांनी झाडाला धरून चढतो, आणि ते काटे नखीसारखे मागे वळलेले असतात. म्हणून ते नाव. त्याची फळे, म्हणजेच गोविंदफळे, आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना भाजीसाठी लागतात; पुण्याच्या मंडईत तेवढ्या एक-दोन दिवसांपुरतीच ती दिसतात. वाघाटी हेच नाव लहान ठिपकेदार रानमांजरीलाही आहे. ती तळहातावर मावेल एवढ्या पिल्लांची आई, पण कुळाने वाघच.

काही नावे मात्र उगाच या घराण्यात येऊन बसली आहेत. वटवाघुळातले वाघूळ संस्कृत ‘वल्गुली’वरून आले. शिकाऱ्याची वागूर, म्हणजे जाळे, ‘वागुरा’पासून. आणि मालगाडीची वाघीण इंग्रजी वॅगनवरून. परका उच्चार कानावर पडताच मराठीने त्याला आपल्या ओळखीच्या रूपात ओढून घेतले.

पट्ट्यांचा वाघ वेल्ह्यातून केव्हाच गेला. दक्षिणेला कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि पुढे २०१८ च्या मे महिन्यात तिथल्या कॅमेऱ्यात एक वाघ दिसला, तेव्हा ती मोठी बातमी झाली. त्याच प्रकल्पात वासोटा किल्ला येतो, ज्याचे दुसरे नाव व्याघ्रगड. डोंगरांना आणि किल्ल्यांना ही नावे पडली तेव्हा दोन्ही वाघ याच रानात होते. आडनावांचेही तसेच. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात राहणाऱ्या कातकऱ्यांत वाघमारे पुष्कळ, धनगरांत वाघमोडे. कुणा पूर्वजाने काठी-कोयत्यानिशी जनावर अडवले असेल, तर ते पट्ट्यांचे की ठिपक्यांचे हे विचारायचे कुणाला सुचले नाही. गावाने त्याला वाघमाराच म्हटले.