ट्रेलर वळताना मागची चाकं आत का येतात? कंटेनर, ट्रॉली आणि सैल मालाचं साधं गणित

नेहमी मी इथे ॲप्स आणि मोबाईलबद्दल लिहितो. आज थोडा वेगळा विषय आहे, पण तंत्रज्ञानाचाच आहे.

आम्ही राहतो वर्तकनगरला. माझ्या धाकट्या भावाला यंदा स्कूटर मिळाली आणि तो घोडबंदर रोडवरच्या कॉलेजला तिच्यावरून जायला लागला. दुसऱ्याच आठवड्यात तो घरी आला तो फुटलेला फूटबोर्ड घेऊन. सिग्नलला एक लांब कंटेनर उभा होता. त्याच्या डाव्या बाजूला भरपूर जागा होती, म्हणून हा आत शिरला. सिग्नल सुटला, कंटेनर डावीकडे वळायला लागला आणि ती जागा बघता बघता संपली. चौकातल्या वॉर्डनने जोरात शिट्टी मारली, ड्रायव्हरने ब्रेक दाबला, म्हणून फक्त फूटबोर्डवर निभावलं. रात्री जेवताना त्याचं एकच म्हणणं होतं, "दादा, अरे जागा होती ना!"

जागा होती हे खरंच आहे. मग ती गेली कुठे? हे त्याला नीट समजावता येईना, म्हणून मी लॅपटॉप काढला आणि वळणाऱ्या ट्रेलरचा एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून जे दिसलं ते खाली आहे.

इतके कंटेनर आपल्याकडे येतात कुठून?

उरणच्या जेएनपीए बंदरातून गुजरातकडे जाणारा बराच माल कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा असा येतो आणि घोडबंदर रोडने पुढे अहमदाबाद महामार्गाला लागतो. त्यात भिवंडीच्या गोदामांची वाहतूक मिसळते. शाळेच्या बस, रिक्षा, कॉलेजच्या स्कूटर आणि चाळीस फुटी कंटेनर हे सगळे एकाच माजिवडा, कापूरबावडीतून जातात. वेळेची बंधनं असतात, पण चुकून समोरासमोर येणं रोजचंच आहे.

वळताना नेमकं काय होतं?

ट्रेलर म्हणजे दोन वेगळे तुकडे. पुढे इंजिन आणि केबिन असलेला भाग, मागे माल ठेवायची लांब चौकट. मागच्या चौकटीखाली एक जाड पोलादी खुंटी असते, तिला किंगपिन म्हणतात. ती पुढच्या भागावरच्या गोल तबकडीत अडकते. ट्रेलर वळतो तो या खुंटीभोवती.

आता मुद्दा असा की ट्रेलरच्या मागच्या चाकांना स्टिअरिंग नसतं. त्यांना कुणीतरी ओढत असतं, एवढंच. दोरीला बांधलेली खेळण्यातली गाडी ओढत तुम्ही कोपऱ्यावरून वळलात तर गाडी तुमच्या पावलांवरून येत नाही, कोपरा कापून येते. ट्रेलरचंही अगदी तसंच होतं.

किती कापतो ते बघू. समजा किंगपिन १५ मीटर त्रिज्येच्या वळणावरून चाललाय आणि किंगपिनपासून मागच्या चाकांपर्यंतचं अंतर ९ मीटर आहे. चाळीस फुटी कंटेनरचा डबाच १२.१९ मीटर लांब असतो, त्यामुळे ९ मीटर हे काही अवास्तव नाही. ट्रेलर गोल गोल फिरतच राहिला तर मागच्या चाकांची त्रिज्या पायथागोरसने निघते. १५ चा वर्ग २२५, त्यातून ९ चा वर्ग ८१ वजा केला की १४४, त्याचं वर्गमूळ १२. म्हणजे मागची चाकं पुढच्यापेक्षा ३ मीटर आतून फिरतात.

चौकात कुणी गोल गोल फिरत नाही, ९० अंशात वळतो. तेवढ्या वळणासाठी माझ्या प्रोग्रॅममध्ये उत्तर आलं सुमारे २.४ मीटर. एवढ्या रुंदीत तीन स्कूटर शेजारी शेजारी उभ्या राहतील. भावाने पाहिलेली "जागा" नेमकी हीच.

यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. मागची चाकं फुटपाथवर चढू नयेत म्हणून ड्रायव्हर डावीकडे वळण्याआधी गाडी थोडी उजवीकडे घेतो. मागून बघणाऱ्याला वाटतं, हा उजवीकडे चालला किंवा आपल्याला वाट देतोय. डावीकडे मोकळी जागा दिसते आणि दुचाकीवाले पाण्यासारखे आत घुसतात. खरं तर त्याने ती जागा स्वतःच्याच मागच्या चाकांसाठी मोकळी केलेली असते.

ड्रायव्हरला तुम्ही दिसत असाल, यावरही विसंबू नका. आपल्याकडे तो उजवीकडे बसतो, उंचावर. केबिनच्या डाव्या दाराला लागून असलेली स्कूटर त्याला खिडकीतून दिसत नाही. आणि केबिन वळलं की डावा आरसाही केबिनबरोबर फिरतो. डावीकडे वळताना त्या आरशात फक्त कंटेनरचा पत्रा दिसतो. नेमकं पाहायची गरज असते तेव्हाच मागची चाकं दिसत नाहीत.

म्हणून भावाला मी एकच नियम दिला: लांब गाडी पुढे असेल तर तिच्या मागे थांबायचं. तिच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस. पुढे जायचंच असेल तर सरळ रस्त्यावर, उजवीकडून, आणि चौक जवळ नसताना.

उलटतो कधी?

गायमुख घाटात उलटलेल्या कंटेनरमुळे दोन-दोन तास अडकल्याचा अनुभव ठाणेकरांना नवा नाही. कंटेनरची रुंदी ८ फूट, उंची ८ फूट ६ इंच, हाय क्यूब असेल तर ९ फूट ६ इंच. हा डबा आधीच उंच असलेल्या चौकटीवर बसतो, त्यामुळे वजनाचा मध्य बराच वर जातो. भरलेला ट्रेलर साधारणपणे गुरुत्वाकर्षणाच्या ०.३५ पट बाजूच्या जोराला कलंडू शकतो. कार इतक्यात घसरतही नाही.

३० मीटर त्रिज्येच्या वळणावर हा आकडा ताशी ३६ किलोमीटरलाच गाठला जातो. आणि हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग २० टक्क्यांनी वाढला तर जोर ४४ टक्क्यांनी. डब्यातला माल एका बाजूला सरकला असेल तर मर्यादा आणखी खाली येते. कंटेनर चौकटीला चार कोपऱ्यांवर ट्विस्टलॉकने पकडलेला असतो. हे लॉक नीट फिरवलेले नसतील तर गाडी उभी राहते आणि डबा एकटाच खाली येतो. म्हणून वळणावर अशा गाडीच्या बाहेरच्या बाजूला, शेजारी शेजारी चालायचं नाही.

(गणपतीत उपवनला विसर्जनासाठी निघालेली उंच मूर्तीची ट्रॉली वळवताना कार्यकर्ते "सावकाश, सावकाश" ओरडतात, त्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे. तिथे निदान वेग चालण्याचा असतो.)

उताराला ब्रेक का जातात?

मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. अनेकांना वाटतं हवा गेली की ब्रेक सुटतो. उलट आहे. पार्किंग ब्रेकची स्प्रिंग हवेनेच मागे धरून ठेवलेली असते, हवा पूर्ण गेली तर ब्रेक लागतात. खरा धोका उष्णतेचा. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवले की ड्रम तापतात आणि पकड कमी होत जाते. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरायचं आणि इंजिनाला गाडी रोखू द्यायची.

२० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळ एका मालवाहू गाडीने अनेक वाहनांना ठोकर दिली. डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासातून समोर आलं. इंजिन बंद म्हणजे इंजिनाचा अडसर गेला आणि हवा भरणारा कंप्रेसरही थांबला. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की टाकीतली शिल्लक हवा खर्च होते, नवीन येत नाही.

सैल माल: दोर बांधला म्हणजे झालं?

हा भाग मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण यात चूक करणारे फक्त मोठे ट्रकवाले नसतात. आपल्या गल्लीत प्लायवूड, पाइप, फ्रिज घेऊन येणारा टेम्पो आणि त्यात माल भरायला सांगणारे आपणही असतो.

समजा टेम्पोत किंवा ट्रकमध्ये ५ टन टीएमटी सळ्या आहेत (टीएमटी म्हणजे सळ्या, ठाण्याची बस नव्हे). जोरात ब्रेक मारला तर माल वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे जायला बघतो. माल बांधण्याचं युरोपियन मानक हाच आकडा धरतं. लोखंडावर लोखंडाचं घर्षण साधारण ०.२ पट जोर थोपवतं. उरला ०.६ पट, म्हणजे ३ टनांचा जोर. तो कुणीतरी धरायला हवा.

आता वरून एक दोर टाकून आवळलाय. हाताने ताणून त्यात ४०० किलोचा ताण आला असं धरू, आणि हा अंदाज उदार आहे. दोन्ही बाजू मिळून ८०० किलोने माल खाली दाबला जातो. पण त्याने घर्षण वाढतं ते ८०० च्या ०.२ पट, म्हणजे फक्त १६० किलो. गरज ३००० किलोची! हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा मी दोनदा तपासला.

म्हणजे वरून टाकलेला दोर माल उडू नये यासाठी ठीक आहे, सरकू नये यासाठी नाही. सरकणं थांबतं ते माल पुढच्या भिंतीला मोकळी जागा न ठेवता टेकवल्याने, मधे लाकडी ओंडके ठोकल्याने आणि खाली रबरी मॅट टाकल्याने. मॅटने घर्षण ०.६ पर्यंत जातं. शिवाय नायलॉनचा दोर ताणतो आणि खड्ड्यांनी माल बसला की सैल पडतो. त्यामुळे पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळणं भाग आहे. रॅचेटचा पट्टा असेल तर उत्तम.

बाहेर आलेल्या सळ्यांचं वेगळंच. पूर्वी नियमाने माल मागे एक मीटरपर्यंत बाहेर काढता यायचा, २०१४ मध्ये ती सूट काढली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४(१ए) प्रमाणे मर्यादेबाहेर माल आला तर २० हजार रुपये दंड आहे, माल उतरवण्याचा खर्च वेगळा. सळईच्या टोकाला लाल फडकं बांधलं म्हणजे कायदेशीर झालं, हा समज चुकीचा आहे. रात्री तर ते फडकं दिसतही नाही. मागून बघताना सळईचं टोक म्हणजे फक्त एक ठिपका. ती दीड मीटर बाहेर आली आहे की नाही हे डोळ्यांना कळतच नाही.

किती अंतर ठेवायचं?

ताशी ६० ला आपण सेकंदाला १६.७ मीटर जातो. लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर. पुढे गाडी थांबायला साधारण २८ मीटर. एकूण ५३. म्हणजे चार बस एकामागे एक उभ्या केल्या तर त्याहून जास्त. ताशी ४० ला हेच ३० मीटरमध्ये भागतं.

नेहमीच्या वाहतुकीत आपण याहून जवळ चालतो आणि वाचतो, कारण पुढची गाडी ब्रेक मारते तेव्हा तिचे लाल दिवे लागतात आणि तीही हळूहळूच थांबते. पडलेल्या दगडाला ब्रेक लाइट नसतो. उघड्या डंपरमागे म्हणूनच पूर्ण थांबण्याचं अंतर लागतं. खडी, रेती सांडलेली असेल तर दुचाकीने वळण घेत घेत ब्रेक मारायचा नाही. आधी सरळ रेषेत वेग कमी करायचा, मग वळायचं.

रात्रीची ट्रॉली

आमचं गाव सातारा जिल्ह्यात आहे. दिवाळीनंतर तिकडे गाडी चालवली असेल तर उसाच्या ट्रॉल्या तुम्हाला ठाऊक असतील. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, उसाने झाकलेले दिवे, बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. ट्रॅक्टर थोडा हलला की पहिली ट्रॉली जास्त हलते आणि दुसरी त्याहून जास्त. ओव्हरटेक करताना मागच्या ट्रॉलीच्या शेपटीपासून लांब राहा.

दर हंगामात साखर कारखाने आणि आरटीओ रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात. या पट्ट्यांमध्ये बारीक प्रिझम असतात, ते प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतात, म्हणून आपल्याच हेडलाइटमध्ये त्या चमकतात. नियमाने मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. पण धूळ किंवा चिखल बसला की प्रिझम निकामी होतात. ओल्या फडक्याने पुसायला अर्धा मिनिट लागतं, ट्रॉलीवाल्या काकांना तेवढं सांगायला हरकत नाही.

रस्त्यावर माल सांडलेला किंवा बंद पडलेला ट्रेलर दिव्याशिवाय उभा दिसला तर ११२ वर फोन करा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ सुद्धा चालतो. सांगताना आधी दिशा सांगा (ठाण्याकडून की ठाण्याकडे), मग जवळचा पूल किंवा किलोमीटरचा दगड, मग कोणती लेन. फोन करण्यासाठी त्या गाडीच्या मागे थांबू नका, पुढे जाऊन बाजूला थांबा.

भावाची स्कूटर दुरुस्त झाली. प्रोग्रॅम त्याच्या लॅपटॉपवर टाकून दिलाय. वळणाची त्रिज्या आणि ट्रेलरची लांबी बदलून तो सध्या मित्रांना चाकं कुठे येतात ते दाखवत असतो.