आजीच्या ओव्या आणि ब्राउझर : व्हिडिओतून आवाज वेगळा काढण्याची गोष्ट

आजच्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. एसटीत बसलाय, नेटवर्क येतंय-जातंय, इअरफोन घरी राहिलेत? मग वाचा.

सुरुवात एका चुकीपासून करतो, आणि चूक माझीच आहे. मे २०१६. मी बीटेकच्या पहिल्या वर्षाला. सुट्टीत गावी, वाळवा तालुक्यात, चुलतबहिणीची हळद होती. जात्यापाशी बसून आजी ओव्या म्हणत होती आणि मी फोन धरून उभा. चार मिनिटांचा व्हिडिओ झाला. मध्येच थांबून आजी म्हणाली, "एवढ्याशा फोनात मी मावते का रे?"

मावली, पण फाइल साडेतीनशे एमबीची झाली. मामा, आत्या, मुंबईचे सगळे मागे लागले, आम्हालाही पाठव. मेसेजिंग ॲपवर एवढी फाइल जाईना. मग हॉस्टेलला परतल्यावर मी काय केलं, तर 'व्हिडिओ टू एमपीथ्री' करून देणारी एक साइट शोधली. दोन तास अपलोड चाललं. हातात पडली दोन एमबीची एमपीथ्री. सगळ्यांना पाठवली, सगळे खूश. फोनमधली जागा संपली होती म्हणून मूळ व्हिडिओ उडवला.

पुढच्या वर्षी आजी गेली. आता आमच्याकडे आहे ती फक्त ती दोन एमबी. त्यात जात्याची घरघर आणि बांगड्यांची किणकिण एकमेकांत मिसळून नुसती खरखर झालीय. आणि मूळ व्हिडिओ? तो मी स्वतःच्या हाताने एका अनोळखी सर्व्हरवर ठेवून आलो होतो. ती साइट आज उघडतही नाही. त्यांनी तो पुसला का, कधी पुसला, कोणाला विचारणार?

नंतर इंजिनिअर म्हणून काम करताना कळलं की हे दोन्ही टाळता आलं असतं. आवाज न बिघडवता निघाला असता. आणि आज तर फाइल फोनच्या बाहेर न जाता, साध्या ब्राउझरमध्ये निघतो. हे कसं जमलं, तेच आज सांगायचंय.

आधी व्हिडिओ फाइल म्हणजे काय ते बघू. आपल्याला वाटतं चित्र आणि आवाज एकजीव असतात, दुधात साखर. तसं नसतं. व्हिडिओ फाइल म्हणजे गजरा. दोन मोगऱ्याची फुलं, एक अबोली, परत दोन मोगरा, एक अबोली. मोगरा म्हणजे चित्राचे तुकडे, अबोली म्हणजे आवाजाचे. आलटूनपालटून ओवायचं कारण सरळ आहे. फाइल वाचत पुढे जाताना त्या क्षणाचं चित्र आणि त्या क्षणाचा आवाज जवळजवळ सापडला पाहिजे. शिवाय फाइलमध्ये एक यादी असते, कुठलं फूल कितव्या जागी आहे याची. ही पद्धत ॲपलच्या क्विकटाइमची, १९९१ सालची. १९९८ मध्ये आयएसओने एमपीईजी-४ च्या फाइलसाठी तीच पाया म्हणून घेतली आणि त्यातून आपली रोजची एमपीफोर आली.

आता लक्षात आलं? आवाज काढायचा तर यादी बघून अबोली तेवढी वेचायची आणि वेगळ्या दोऱ्यात ओवायची. फुलाला धक्का नाही. फोनच्या व्हिडिओत आवाज बहुतेकदा एएसी प्रकारात असतो. तो तसाच उचलला की एम४ए फाइल तयार, तीही काही सेकंदांत. एमपीथ्री मात्र वेगळी भानगड. त्यासाठी आवाज आधी पूर्ण उलगडायचा आणि मग नव्याने दाबून भरायचा. प्रत्येक वेळी थोडं काहीतरी कायमचं जातं. माझ्या साइटने हेच केलं होतं, आणि वर फार घट्ट दाबलं होतं.

हे वेचायचं काम करणारं सगळ्यात गाजलेलं हत्यार म्हणजे एफएफएमपेग. फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने ते २००० साली सुरू केलं. फुकट आणि ओपन सोर्स. कमांड लिहून चालवायचं, 'कॉपी' म्हटलं की आवाज जसाच्या तसा बाहेर. २०१६ मध्ये माझ्या लॅपटॉपवरही चाललं असतं, पण मला त्याचं नावही माहीत नव्हतं. आणि ज्याच्याकडे फक्त फोन आहे, त्याने काय करायचं? त्याच्यासाठी बहुतेकदा वाट होती ती साइटवर अपलोडची. अशा बऱ्याच साइट्सच्या मागे, सर्व्हरवर, हेच एफएफएमपेग चालायचं.

मग थेट ब्राउझरमध्येच का नाही? कारण ब्राउझर त्यासाठी बनलाच नव्हता. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये नेटस्केपसाठी दहा दिवसांत उभी केली, वेबपेजवरच्या छोट्यामोठ्या कामांसाठी. शिवाय वेबपेजने तुमच्या फाइल्समध्ये डोकवायचं नाही हा नियम, आणि तो चांगलाच नियम आहे. २०१० च्या आसपास फाइल एपीआय आलं, तेव्हा तुम्ही स्वतः निवडलेली फाइल पेजला जागेवरच वाचता यायला लागली. इथे अपलोडची सक्ती खरं तर संपली होती. पण वाचलेल्या फाइलचं करायचं काय? ब्राउझरच्या पोटात एएसी उलगडणारं यंत्र होतं, ते व्हिडिओ चालवून दाखवायचं, पण आतला आवाज मूळ रूपात हातात देत नव्हतं. वेब ऑडिओ आल्यावर आवाज मिळायला लागला, पण पूर्ण उलगडलेला. सीडीच्या दर्जाचा स्टीरिओ आवाज तसाच साठवला तर मिनिटाला सुमारे १० एमबी!

दुसरी वाट अशी होती की एफएफएमपेगच ब्राउझरमध्ये आणायचं. ते सी भाषेत लिहिलेलं, ब्राउझरला तेव्हा फक्त जावास्क्रिप्ट कळायचं. २०१० मध्ये मोझिलाच्या अलोन झकाईने एमस्क्रिप्टेन सुरू केलं. सी आणि सी++ मधला प्रोग्राम जावास्क्रिप्टमध्ये बदलून देणारं साधन. लोकांना ते येडेपणाचं वाटायचं. गंमत बघा, २०११ मध्ये त्याच बेलारने अख्खं लिनक्स ब्राउझरच्या टॅबमध्ये चालवून दाखवलं, हाताने लिहिलेल्या जावास्क्रिप्टवर. म्हणजे जमत होतं, फक्त वेग नव्हता. २०१३ मध्ये एएसएम.जेएस आलं, मग २०१७ मध्ये वेबअसेंब्ली. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज, चौघांनीही त्याच वर्षी ते घेतलं. एरवी हे चौघे एकमेकांचं ऐकतील तर शपथ!

लोकांनी एफएफएमपेग वेबअसेंब्लीत आणलं आणि ते खरंच टॅबमध्ये चाललं. पण मध्ये एक विघ्न. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली. तिचा फायदा घेऊन एखादं पेज दुसऱ्याची माहिती चोरू शकेल, या भीतीने ब्राउझरांनी 'शेअर्ड अरे बफर' बंद केलं. प्रोसेसरचे अनेक कोअर मिळून एकाच मेमरीवर काम करतात ते याच्यामुळे. वेगाचे पंखच कापले. २०२०-२१ मध्ये कडक अटी घालून ते परत आलं.

२०२१ मध्ये क्रोमने वेबकोडेक्स दिलं, म्हणजे पोटातलं ते यंत्र शेवटी बाहेरच्यांसाठी उघडलं. त्यात यादी वाचून फुलं वेचायचं काम मात्र येत नाही, त्यासाठी एमपीफोरबॉक्स.जेएससारखी छोटी लायब्ररी लागते. आणि नुसता आवाज उचलायचा असेल तर ती एकटी पुरते. वीसेक एमबीचं एफएफएमपेग डाउनलोड करायचीही गरज नाही.

आता तुमच्या कामाचं. एखादी साइट म्हणते 'फाइल तुमच्या फोनमध्येच राहते', तर तपासायचं कसं? पेज पूर्ण उघडू द्या. मग एअरप्लेन मोड चालू करा, वायफायही बंद. आता फाइल निवडा. आवाज निघाला तर काम फोनमध्येच झालं. फाइल सेव्ह करा, टॅब बंद करा, मग नेट चालू करा. काही साइट्स वेबअसेंब्लीची फाइल ऐनवेळी मागवतात, म्हणून आधी एखाद्या फालतू व्हिडिओवर चालवून बघा. नेटशिवाय अडून बसली तर घरातल्या माणसांचे व्हिडिओ तिथे देऊ नका. आणि पर्याय मिळाला तर एमपीथ्रीऐवजी मूळ आवाज 'कॉपी' करणारा निवडा.

मागच्या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा आत्याच्या जुन्या फोनमध्ये त्याच हळदीचा दुसरा एक व्हिडिओ सापडला. चाळीस सेकंदांचा, मांडवातून काढलेला. आजी कोपऱ्यात, अर्धीच दिसते. तिथेच अंगणात बसून, आत्याच्याच फोनवर, नेट बंद करून मी आवाज काढला. जातं वेगळं ऐकू येतं, बांगड्या वेगळ्या. आत्याने दोनदा ऐकलं आणि विचारलं, "हे आता कुठं पाठवलंस का?"

"नाही आत्या, कुठंच नाही. तुझ्याच फोनात आहे."

व्हिडिओही ठेवलाय, या वेळी उडवला नाही. तुमच्या घरी असं कोणी गाणारं, बोलणारं असेल तर त्यांचा मूळ व्हिडिओ आजच दोन ठिकाणी जपून ठेवा. भेटू पुढच्या भागात!