कुडपणपर्यंत रेल्वे का चढली नाही

मुंबई-गोवा महामार्ग महाडहून पोलादपूरला येतो आणि कशेडी घाट ओलांडून खेडकडे उतरतो. कोकण रेल्वे मात्र वीर स्थानकापासूनच महाड शहराला बगल देते आणि करंजाडी, विन्हेरे, दिवाणखवटी अशी पश्चिमेच्या बाजूने खेड गाठते. पोलादपूर गावाला स्थानक मिळाले नाही. रायगड, रत्नागिरी आणि सातारा या जिल्ह्यांच्या सीमेजवळ, सह्याद्रीच्या खांद्यावर वसलेले कुडपण रेल्वेपासून आणखी दूर राहिले. हा अन्याय दूर करायचा तर कोकण आणि देश जोडणारा नवा लोहमार्ग चिपळूण-कराड किंवा वैभववाडी-कोल्हापूरऐवजी पोलादपुरातूनच वर न्यावा, असे कुणालाही वाटेल. दुराव्याची तक्रार खरी आहे, पण हा उपाय टिकणारा नाही. रेल्वेने पायथा धरला हे बरोबरच झाले. उणीव राहिली ती पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या जोडणीत.

या डोंगरातून वाटा नव्हत्या असे नाही. सावित्रीकाठचे महाड हे जुने बंदर, आणि पारघाटासारख्या वाटांनी त्याचा देशाशी संबंध होता. 1659 मध्ये अफझलखान वाईहून पारकडे फौज घेऊन उतरला, म्हणजे ही खोरी परक्या सैन्यालाही अगम्य नव्हती. पण बैल आणि माणूस जो चढ चढतो, तो इंजिनाला झेपेलच असे नाही. मग 1863 साली रेल्वेला भोर घाट कसा जमला? तिथे 37 मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ, असा कठीण उतार स्वीकारला गेला, तोही सुमारे 620 मीटर उंचीच्या लोणावळ्यापर्यंत पोहोचण्यासाठी. कापूस व्यापाराची निकड त्यामागे होती, हजारो मजुरांनी त्यात जीव गमावला, आणि आजही जड गाड्यांना जादा इंजिने लावावी लागतात. पोलादपुरातून वर गेल्यावर लागणारे महाबळेश्वरचे पठार लोणावळ्याच्या दुपटीहून उंच, सुमारे 1,370 मीटरवर आहे. पोलादपुरातून जवळपास 1,300 मीटर चढायचे, तर भोर घाटाच्याच उताराने सुमारे 48 किलोमीटर सलग चढण लागेल. कोकण रेल्वेने स्वतःसाठी ठरवलेला उतार 150 ला एक असा आहे. त्याने हेच अंतर 195 किलोमीटरवर जाते.

यावर वजनदार आक्षेप असा की माथा चढायचाच कशाला? कुडपणच्या बाजूने बोगदा काढून पलीकडच्या कोयनेच्या खोऱ्यात शिरावे. तिथल्या कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाची पूर्ण पातळी सुमारे 660 मीटर आहे, म्हणजे चढ निम्म्यावर येतो. कोकण रेल्वेने करबुडे येथे साडेसहा किलोमीटरचा आणि नातूवाडी येथे चार किलोमीटरहून लांब बोगदा काढला आहेच, तेव्हा बोगद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. अडचण बोगद्यापलीकडे सुरू होते. खोऱ्याचा तळ धरणाखाली गेला आहे, म्हणून मार्गाला जलाशयाच्या कडेने डोंगर कापत जावे लागेल. तो प्रदेश 1985 पासून अभयारण्य आहे, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि 11 डिसेंबर 1967 चा भूकंप त्याच परिसरात झाला. एवढे सोसून मार्ग निघालाच, तरी डब्यात बसायला त्या खोऱ्यात माणसे कितीशी? धरणाने बहुतेक गावे आधीच उठवली आहेत.

पायथ्याचा मार्ग तरी कुठे निर्धोक आहे, असेही कुणी विचारेल. नाहीच. जून 2004 मध्ये महाड तालुक्यातल्या आंबोलीजवळ दरड पुलावर आली आणि मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. पण जुलै 2021 मध्ये तळियेत आणि पोलादपूर तालुक्यात डोंगर खाली आले, ते पाहिल्यावर याहून उभ्या कड्यांत रूळ घालण्याचा आग्रह धरवत नाही. पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करून, दरडींवर जाळ्या बसवून, गस्त घालून पायथ्याचा मार्ग सांभाळता येतो, तोही मोठ्या कष्टाने.

म्हणून कुडपणची न्याय्य मागणी वेगळी ठरते. मुंबईत राबणाऱ्या चाकरमान्याला गणपतीत गावी येताना रात्रीची गाडी वीरला सोडते. तिथून पुढे पोलादपूर आणि वरचा घाटरस्ता त्याला कसाबसा काढावा लागतो. वीरला अधिक गाड्यांचा थांबा, त्या वेळांना जुळणारी एसटी आणि पावसात न तुटणारा वरचा रस्ता यांचा खर्च कुठल्याही घाटरेल्वेच्या तुलनेत किरकोळ आहे. नव्या लोहमार्गाच्या प्रत्येक पाहणी अहवालात हा पर्याय इतर मार्गांच्या शेजारी मांडून त्याचाही हिशेब व्हायला हवा.