दोन अक्षरांचें वतन

जगाच्या नकाशावर तुवालू हें राष्ट्र शोधूं गेल्यास भिंग हातीं घ्यावें लागतें. प्रशांत महासागरांतील नऊ लहान बेटें, आणि वस्ती अवघी दहा-अकरा हजारांची. १९७८ सालीं तें स्वतंत्र झालें. पण संयुक्त राष्ट्रसंघाचें सभासदत्व घेण्यास २००० साल उजाडावें लागलें. कारण साधें होतें. त्या मानाचा खर्च त्याला झेपत नव्हता. पुढें तो झेपला, तो नारळामुळें किंवा मासळीमुळें नव्हे, तर दोन अक्षरांमुळें.

इंटरनेटवरील पत्त्याच्या शेवटीं देशाची खूण म्हणून दोन अक्षरें लिहिण्याची पद्धत १९८४-८५ च्या सुमारास ठरली. कॅलिफोर्नियांतील संशोधक जॉन पोस्टेल यांच्याकडे ही व्यवस्था होती. देश कोणास म्हणावें, हा तंटा त्यांनीं अंगावर घेतला नाहीं. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची देशांच्या संक्षिप्त नांवांची यादी १९७४ पासून प्रसिद्ध होती. तीच त्यांनीं प्रमाण धरली. तींत तुवालूच्या वांट्यास ‘टीव्ही’ हीं अक्षरें आलीं. दूरचित्रवाणीच्या धंद्यास तीं हवींशीं वाटलीं, आणि एका अमेरिकन कंपनीनें सुमारें बारा वर्षांत पांच कोटि डॉलर देण्याचा करार केला.

म्हणजे हें वतनच झालें, असें कोणास वाटेल. पोस्टेल यांची १९९४ ची नियमावलि मात्र निराळें सांगते. देशाचें नांव सांभाळणारा त्याचा मालक नव्हे. तो विश्वस्त, त्या देशाच्या लोकांचा आणि जगाचाहि. शिवाय देश गेला कीं त्याची खूणहि जाऊं शकते. युगोस्लाव्हियाचीं ‘वाययू’ हीं अक्षरें २०१० सालीं काढून टाकण्यांत आलीं, आणि त्यांवरील जुने पत्ते निकामी झाले. चढत्या समुद्राच्या भयानें तुवालूनें २०२३ सालीं आपल्या राज्यघटनेंत लिहून ठेविलें कीं, भूमि बुडाली तरी राष्ट्र कायम राहील. त्या दोन अक्षरांचें भवितव्यहि या वाक्याशीं बांधलेलें आहे.

भारताचीं ‘इन’ हीं अक्षरें १९८९ सालीं मिळालीं. तीं मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होतीं. नियम कडक, म्हणून लोक सरळ ‘कॉम’कडे वळत, २००४ पर्यंत सुमारें सात हजार नांवेंच नोंदलीं गेलीं. २००५ मध्यें दार सर्वांस खुलें झालें, आणि नोंदणी लाखांवर गेली. २०१४ सालीं देवनागरींतील ‘भारत’ हें अखेरचें पदहि नोंदणीस खुलें झालें, आणि सबंध पत्ता मराठींत लिहिण्याची सोय झाली. तरीहि दुकानाची पाटी मराठींत रंगविणाऱ्या अनेक व्यापाऱ्यांस तिची वार्ता नाहीं.

तुवालूच्या अक्षरांना मोल आलें तें योगायोगानें. भारताच्या नांवाला असा योगायोग लाभलेला नाहीं; त्याचें मोल वापरानेंच वाढावयाचें. विश्वस्त कितीहि दक्ष असला, तरी ठेव कोणाची हें ठेवीच्या धन्यास ठाऊक नसेल, तर ती तिजोरींतच पडून राहते.