मधल्या फळीचे मोल

हिवाळा लागला की कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुपपासून जोगेश्वरी, कांदिवली, बोरिवलीपर्यंत उपनगरांतल्या मैदानांवर रात्री दिवे लागतात आणि कबड्डीच्या स्पर्धा सुरू होतात. शेवटच्या दिवशी चषकाबरोबर वैयक्तिक बक्षिसे जाहीर होतात : उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू. या बक्षिसांमधून आपण या खेळात काय पाहतो ते नेमके कळते. आपल्याला चढाई करणारा दिसतो, त्याचा घोटा धरणारा कोपरारक्षक दिसतो. या दोघांच्या मध्ये उभा राहून चढाईपटूची परतीची वाट बंद करणारा मध्यरक्षक, ज्याला मैदानावर सगळेच ‘कव्हर’ म्हणतात, तो मात्र कोणत्याच बक्षिसात नेमका बसत नाही. बचावाची खरी पारख याच जागेवर करायला हवी, आणि ती पकडींच्या गुणांवरून होत नाही, असे माझे ठाम मत आहे. या खेळाचे नियम कसे घडले आणि मुंबईत तो कसा रुजला, हे पाहिले तर या मताला पुरेसा आधार सापडतो.

सात जणांची बचावफळी उभी राहते तेव्हा दोन टोकांना कोपरे, त्यांच्या शेजारी दोन इन आणि मध्ये तिघे असतात. पुरुषांच्या मैदानाचा अर्धा भाग साडेसहा मीटर खोल असतो. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटू बोनससाठी किंवा कोपऱ्याला पाय मारण्यासाठी आत शिरतो, तेव्हा त्याला परत यायला पावणेपाच मीटर तोडावे लागतात. ते अंतर कव्हरच्या ताब्यात असते. कोपरारक्षकाने घोटा धरला तरी जोरकस चढाईपटू त्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेऊ शकतो. पकड पुरी होते ती कव्हर वेळेवर आडवा आला, त्याने छातीने ब्लॉक केला किंवा डॅश मारून चढाईपटूला बाहेर ढकलले म्हणजे. वेळेवर याचा अर्थ पाव सेकंद अलीकडे नाही आणि पाव सेकंद पलीकडे नाही. लवकर निघाला तर चढाईपटू हात लावून सुटतो, उशिरा निघाला तर कोपरारक्षकाची मेहनत वाया जाते. शिवाय कव्हर पुढे झेपावला की त्याच्या मागची जागा उघडी पडते, आणि हातात हात धरलेल्या साखळीतला जोडीदार एकटा उरतो. म्हणून चांगल्या कव्हरचे पहिले लक्षण म्हणजे मोह आवरणे. गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर, नजर चढाईपटूच्या कमरेवर, आणि समोरून कितीही हुलकावण्या आल्या तरी पाय जागेवर. गुणफलकावर यातले काहीही उमटत नाही.

हे संयमाचे मूल्य खेळाच्या नियमांतूनच आले आहे. हुतुतू या नावाने हा खेळ गावोगाव वेगवेगळ्या रीतीने खेळला जाई. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा भरवली, तरी त्यानंतरही खेळाच्या तीन पद्धती वावरत होत्या. अमर पद्धतीत खेळाडू बाद झाला तरी मैदानावरच राही, प्रतिपक्षाला फक्त गुण मिळे. गामिनीत बाद झालेला संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. संजीवनीत बाद झालेला बाहेर जाई आणि आपल्या संघाने गडी मारला की पुन्हा आत येई. या तीन पद्धतींत कव्हरची किंमत सारखी असूच शकत नाही. अमर पद्धतीत फसलेल्या झेपेची किंमत एक गुण; झेप घेणारा धाडसी गडी तिथे शोभून दिसला असता. संजीवनीत तीच चूक तिप्पट महाग पडते : गुण जातो, आपला एक गडी बाहेर बसतो आणि समोरचा एक गडी उठून आत येतो. झटापटीत आणखी दोघांचा स्पर्श झाला असेल तर फळीच मोडते आणि लोणाची, म्हणजे सगळा संघ बाद होण्याची, छाया पडते. १९५० साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि पुढे जो खेळ देशभर स्थिर झाला तो संजीवनीच्या पायावर उभा आहे. म्हणजे आज आपण जो खेळ खेळतो त्यात मधल्या गड्याची न केलेली चूक ही केलेल्या पकडीइतकीच कमाई असते. आपली गुणपत्रिका मात्र या बाबतीत अजून अमर पद्धतीतच अडकून पडल्यासारखी आहे.

मुंबईत हा खेळ गिरणगावात वाढला. लालबाग, परळ, नायगावच्या चाळींतली मंडळे गणपती बसवत, दहीहंडी फोडत आणि कबड्डीचा संघही चालवत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरणगाव हळूहळू रिकामे होत गेले. अनेक कुटुंबे मध्य रेल्वेने मुलुंड-डोंबिवलीकडे आणि पश्चिम रेल्वेने बोरिवली-विरारकडे सरकली. खेळ त्यांच्याबरोबर गेला. उपनगरांत तो अर्थात आधीही होता. तिथे कारखान्यांची वस्ती होती, कांदिवलीत महिंद्र आणि महिंद्रचा कारखाना होता, चेंबूरकडे तेल आणि खतांचे प्रकल्प होते. महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, रेल्वे यांच्या संघांनी मुलांना नोकऱ्या दिल्या आणि स्पर्धांमध्ये ‘व्यावसायिक गट’ नावाची वेगळी पंगत मांडली गेली. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य अजिंक्यपद स्पर्धेत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे वेगळे संघ म्हणून उतरत आणि त्यांची गाठ पडली की प्रेक्षक श्वास रोखून बसत. या इतिहासाचा कव्हरशी संबंध असा : मंडळ आणि कंपनी या दोन्ही संस्था एकाच गड्याला वर्षानुवर्षे एकाच जोडीदाराशेजारी उभे करत. मंडळातली मुले एकाच गल्लीत वाढलेली; कंपनीतला गडी नोकरी असेपर्यंत त्याच संघात. डावा कोपरा कधी पाय टाकेल हे कव्हरला डोळ्यांनी पाहावे लागत नसे, ते त्याच्या अंगात मुरलेले असे. चढाईपटू एकटा घडू शकतो. कोपरारक्षकही बराचसा एकट्याच्या बळावर मोठा होतो. कव्हर मात्र जोडीनेच घडतो, आणि जोडीला वेळ लागतो. उपनगरांतून चांगले मध्यरक्षक निघत राहिले याचे श्रेय मी मातीच्या गुणाला देण्याआधी या स्थिर संघांना देईन.

प्रो कबड्डी लीगने या म्हणण्याची कसोटीच घेतली. लीग २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय संकुलात सुरू झाली. यू मुंबा संघ पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत पोहोचला आणि २०१५ चा दुसरा हंगाम त्याने जिंकला. लोकांच्या लक्षात अनुप कुमारची शांत चढाई राहिली, आणि ती राहायलाच हवी. पण त्या संघाच्या बचावाची बैठक पाहा : कोपऱ्यांवर सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, मध्ये जीवा कुमार आणि आपल्या महाराष्ट्राचा विशाल माने. पुढे लिलावात ही चौकडी पांगली. तेव्हापासून लीगमध्ये पकडींचे मोठे विक्रम झाले ते बहुतेक कोपऱ्यांवर. एका हंगामात पकडीचे १०० गुण घेणारा पहिला खेळाडू नितेश कुमार उजव्या कोपऱ्याचा. पकडींचे ५०० गुण ओलांडणारा पहिला खेळाडू, इराणचा फजल अत्राचली, डाव्या कोपऱ्याचा. या आकड्यांवरून कोपरारक्षक हेच श्रेष्ठ बचावपटू असे म्हणणे सोपे आहे. पण पकड दोघा-तिघांनी मिळून केली तरी गुण सहसा एकाच्या नावावर पडतो, आणि तो सुरुवात करणाऱ्याकडे जाण्याचा कल असतो. आकडे खोटे नाहीत. ते अर्ध्याच कामाचे आहेत.

असाच पेच अमेरिकन फुटबॉलमध्ये कित्येक दशके चालत आला आहे, म्हणून तिकडे एक नजर टाकणे उपयोगी आहे. तिथे बचावाच्या पहिल्या ओळीत अगदी मधोमध उभा राहणारा भक्कम गडी असतो, त्याला नोज टॅकल म्हणतात. त्याचे काम चेंडू धरणाऱ्याला लोळवणे एवढेच नसते. समोरच्या दोन गड्यांनी मिळून रेटा दिला तरी एक पाऊलही मागे न सरकणे, हे त्याचे खरे काम. ते दोघे त्याच्यात गुंतले की मागे उभा असलेला लाइनबॅकर मोकळा होतो, चेंडूवाल्याला गाठतो आणि टाळ्या घेतो. तिथल्या राष्ट्रीय लीगने फेकणाऱ्याला चेंडूसकट पाडण्याची, म्हणजे ‘सॅक’ची, वैयक्तिक अधिकृत नोंद १९८२ मध्येच सुरू केली. त्यापूर्वीच्या मोठमोठ्या गड्यांचे ते कामही अधिकृत वहीत नाही. तिथले जाणते प्रशिक्षक या जागेसाठी गडी निवडताना विचारतात : हा किती खाली वाकून भिडतो, हात आधी कोणाचे आत जातात, दोघांच्या रेट्यात त्याचे पाय हलतात का. आपल्या कव्हरला विचारायचे प्रश्न यांच्या फार जवळचे आहेत. फरक वजनाचा. तिकडे मधला गडी १३६ किलोच्या पुढे असणे नेहमीचे. आपल्याकडे वरिष्ठ पुरुष गटात ८५ किलोची मर्यादा. त्यामुळे कबड्डीत नुसत्या आकारमानाने जागा अडवता येत नाही. ती अंदाजाने आणि पायांनी अडवावी लागते, आणि म्हणून आपल्या मध्यरक्षकाची परीक्षा मला अधिक कठीण वाटते.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. मधल्या जागेवरून गुणही घेता येतात, मग ते न घेणाऱ्याचे कौतुक कशासाठी? अमेरिकेत ॲरन डोनल्ड मधल्या जागेवरून खेळत २०१८ मध्ये साडेवीस सॅक करून गेला आणि तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. आपल्याकडे सुरजीत सिंगने उजव्या कव्हरवरून पकडींचे तीनशेहून अधिक गुण मिळवले. असे खेळाडू मोठेच आहेत. पण असामान्य माणसावरून जागेचे मोजमाप ठरवले की सामान्य, उपयुक्त गडी नाकारले जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे विशीतला तरुण कव्हर गुणांच्या मागे लागून अवेळी झेपावू लागतो. बाजारालाही हे थोडेफार कळू लागले आहे. २०२२ मध्ये वरळीतच अंतिम सामना जिंकणाऱ्या जयपूर पिंक पँथर्सचा कर्णधार सुनील कुमार हा उजवा कव्हर. २०२४ च्या लिलावात यू मुंबाने त्याच्यासाठी एक कोटीहून अधिक रक्कम मोजली. त्याचे नाव निघाले की बचाव जुळवून ठेवण्याची आणि डाव्या कव्हरवरच्या परवेश भैंसवालबरोबरच्या जोडीची आठवण निघतेच.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. न दिसणाऱ्या कामाचे गोडवे गायले की आळशी गड्यालाही आडोसा मिळतो. ‘मी जागा धरून होतो’ असे कोणीही म्हणेल. खरे आहे, आणि म्हणूनच हे काम मोजलेच पाहिजे. ते मोजता येते. कोपऱ्याने पाय धरल्यावर दुसरा हात कोणाचा पडला. कव्हरने पुढाकार घेतलेल्या किती झेपा फसल्या आणि प्रत्येक फसलेल्या झेपेत संघाचे किती गडी गेले. तो मैदानावर असताना समोरच्यांच्या किती चढाया रिकाम्या गेल्या आणि तो बाहेर बसलेला असताना किती. जुन्या काळी चढाई दम टिकेल तोवर चाले, तेव्हा ही नोंद अवघड होती. आता ३० सेकंदांची चढाई आहे, दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी निर्णायक असते आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या स्पर्धेचे चित्रण होते. साधन नाही ही सबब उरलेली नाही.

१५ जुलैला, कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिनी, राज्यात कबड्डी दिन साजरा होतो आणि पुरस्कार दिले जातात. उपनगरातल्या मंडळांना आणि जिल्हा संघटनेला माझी विनंती आहे की येत्या मोसमात गुणलेखकाच्या वहीत दोन रकाने वाढवावेत, एक ‘साथ’ आणि एक ‘फसलेली झेप’. आणि बक्षीस समारंभात उत्कृष्ट पकडीबरोबर उत्कृष्ट मध्यरक्षकाचेही नाव पुकारावे. त्याला फार खर्च येत नाही, आणि निवड समितीच्या हाती जिल्हा संघ निवडताना आजच्यापेक्षा खूपच भरवशाचा कागद येईल.