शिळं, ताजं आणि गोठलेलं

मराठीतला ‘शिळा’ हा शब्द जन्माने थंडीचा आहे. संस्कृत ‘शीतल’, प्राकृत ‘सीअल’ आणि पुढे मराठी ‘शिळा’ असा तो आला. शेजारच्या गुजरातीत ‘शीळुं’ म्हणजे आजही गार. झाडाच्या सावलीलाही तो शब्द चालतो. मराठीत मात्र चुलीवरून उतरून निवलेलं ते थंड, बराच वेळ थंड पडलेलं ते कालचं, आणि कालचं ते खायला नको असलेलं, अशी अर्थाची एकेक पायरी उतरत गेली आणि गारवा मागे राहिला. एका तिथीत तो अजून दिसतो. श्रावण शुद्ध सप्तमी ही शीतला देवीची, म्हणजेच शिळासप्तमी. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी रांधून ठेवलेलं खायचं. देवीचं नाव आणि ताटातल्या अन्नाचं विशेषण एकाच शब्दापासून आलेलं आहे.

‘ताजा’ फारसीतून आला. ‘शिळा’च्या समोर तो इतका नेमका बसला की तो परका वाटतच नाही. शतकानुशतकं आपल्या स्वयंपाकघराचा हिशेब सरळ होता: गरम ते ताजं, गार ते शिळं. फ्रिजने हा हिशेब उलटा केला. भिजवलेल्या कणकेची डबी, पराठ्यांचं पाकीट, समोशाच्या पट्ट्या जितक्या थंड, तितक्या चांगल्या राहतात. त्या कोमट झाल्या की बिघडल्या. ज्या गारव्याने अन्नाला शिळं ठरवलं, तोच आता ते टिकवतो. अन्नाबद्दलच्या आपल्या शब्दांत इतका मोठा पालट दुसरा झाला नसेल, आणि म्हणून या पदार्थांना काय म्हणावं हे नीट ठरवायला हवं असं मला वाटतं.

शिळ्या अन्नाची चर्चा जुनीच आहे. संस्कृतात त्याला ‘पर्युषित’ म्हणतात, म्हणजे रात्रभर राहिलेलं. गीतेच्या सतराव्या अध्यायात ते तामस आहाराच्या यादीत आहे. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय मात्र इथे बारकावा दाखवतो. तूप-तेल लागलेलं पर्युषित चालेल असं तो सांगतो, आणि पुढे जव, गहू व दूध यांचे पदार्थ बराच काळ राहिलेले असले, स्निग्ध नसले, तरी खाण्याजोगे मानतो. गव्हाला मिळालेली ही सवलत अनुभवातून आली असावी. भात दुसऱ्या दिवशी आंबूस होतो, पण पोळी वाळते, कडक होते आणि मग फोडणी देऊन तिचा कुस्करा करता येतो.

पण हे झालं भाजलेल्या गव्हाचं. कच्च्या, ओल्या कणकेची गोष्ट वेगळी आहे आणि तिचे शब्दही वेगळे. संस्कृत ‘कणिक’ म्हणजे दाणा आणि भरडलेलं धान्यही, त्यावरून ‘कणीक’. आपण ‘कणीक चाळून घे’ म्हणतो तेव्हा ती कोरडी असते, ‘कणीक झाकून ठेव’ म्हणतो तेव्हा ओली. पीठ आणि त्याचा गोळा या दोन्हींना एकच नाव आहे, आणि संदर्भावरून कुणाचाही घोटाळा होत नाही. ‘पीठ’ हे ‘पिष्ट’पासून, म्हणजे दळलेलं, दळलेलंच पुन्हा दळणं ते पिष्टपेषण. ‘तिंबणे’ हे क्रियापद मला फार आवडतं. ‘तिम्’ म्हणजे ओलं होणं, त्यावरून तिंबणं म्हणजे भिजवणं, आणि कणकेपाशी आल्यावर त्यात बुक्क्यांचा जोर मिसळला. म्हणून तर एखाद्याला बदडून काढलं की त्याची कणीक तिंबली असं आपण म्हणतो. तिंबलेल्या कणकेचा उंडा, उंड्याची लाटी, लाटीची पोळी.

तिंबून झाल्यावर कणीक मुरू द्यायची असते. ‘मुरणे’ आणि ‘शिळे होणे’ या दोन्हींत वेळच जातो, पण पहिल्यात वेळ अन्नाला काही देतो आणि दुसऱ्यात काढून घेतो. अर्धा तास झाकलेली कणीक मुरते: पाणी पिठात पोचतं, ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, ताण सैल होतात, लाटी मागे ओढत नाही. फ्रिजमध्ये रात्रभर राहिलेली कणीक मुरली की शिळी झाली? रंग पाहिला तर शिळी म्हणावी लागेल, कारण ती करडी, काळपट पडते. गव्हाच्या कोंड्याजवळ पॉलिफेनॉल ऑक्सिडेझ नावाचं विकर असतं; हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने ते पिठातल्या फेनॉलांचा रंग गडद करतं. चिरलेलं सफरचंद लाल पडतं ते याच क्रियेने. मैद्यात कोंडा नसल्याने तो कमी काळवंडतो. थंडीने ही क्रिया मंदावते, थांबत नाही. म्हणून कणकेला तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवण्याची घरची रीत शास्त्राला धरूनच आहे, तिने हवा दूर राहते. दोन-तीन दिवसांनी जी आंबूस चव येते ती जिवाणूंची, आणि तेव्हा मात्र ती कणीक शिळीच.

कारखान्याने हवेचाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. अमेरिकेत केंटकीतल्या लुईव्हिलचे लाइव्हली विलोबी यांनी 1931 मध्ये थंड ठेवायच्या कच्च्या बिस्किटांचं पेटंट घेतलं. तिथलं ‘बिस्किट’ म्हणजे सोड्याने फुगवलेला मऊ, लहानसा पाव. त्याच्या लाट्या पुठ्ठ्याच्या नळीत भरायच्या. सोडा आणि आम्लक्षार यांच्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, कणीक फुगून नळी भरते, आतली हवा बाहेर ढकलली जाते आणि आतल्या दाबाने नळी घट्ट बसते. हा धंदा पुढे तिथल्याच बॅलर्ड अँड बॅलर्ड या पीठगिरणीकडे आणि 1951 मध्ये पिल्सबरीकडे गेला. इथे कणकेनेच स्वतःचं वेष्टन आवळून घेतलं.

आपल्याकडे कणकेने याआधीच वेष्टनाचं काम केलेलं आहे, तेही बर्फातल्या पदार्थासाठी. ‘कुल्फी’ हा शब्द अरबी ‘कुफ्ल’वरून, फारसीमार्गे आला, कुफ्ल म्हणजे कुलूप, आणि आपलं ‘कुलूप’ही त्याच शब्दाचं. शंकूच्या आकाराच्या साच्यात आटवलेलं दूध भरायचं, झाकण लावायचं आणि फट भिजवलेल्या कणकेने लिंपून बंद करायची. मग साचा मीठ घातलेल्या बर्फात. मीठपाणी आत शिरत नसे ते त्या कणकेमुळे. दमाच्या हंडीचं तोंडही असंच लिंपतात. गोठवण्याच्या कामात कणीक पहिल्यांदा आली ती अशी, कुलूप म्हणून.

आता कणीकच गोठवली जाते. मराठीत घट्ट होण्याला किती शब्द आहेत! तूप थिजतं, दूध विरजतं, रक्त साकळतं, पाणी गोठतं. कणकेला यातला ‘गोठणे’च लागू, कारण तिच्यात गोठतं ते पाणी. शंभर ग्रॅम पिठात साठ-पासष्ट ग्रॅम पाणी सहज मुरतं. ते सावकाश गोठलं तर बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि ग्लुटेनची जाळी फाटते. झटपट गोठलं तर स्फटिक बारीक राहतात. यीस्टच्या कणकेत आणखी एक अडचण असते. गोठताना यीस्टच्या काही पेशी मरतात, त्यांच्यातून ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य बाहेर पडतं आणि ग्लुटेन आणखी ढिलं करतं. म्हणून पावाची कणीक गोठवणारे यीस्ट जास्त घालतात आणि ती फुगू न देताच गोठवतात. आपल्या पराठ्यात यीस्ट नसतं, त्यामुळे तो या थंडीला चांगलं तोंड देतो. दोन कच्च्या पराठ्यांमध्ये प्लास्टिकचा पातळ कागद घातला आणि ते उणे 18 अंश सेल्सिअसला ठेवले की महिनोन्‌महिने टिकतात. परदेशातल्या मराठी घरांतही पराठा भारतीय वाणसामानाच्या दुकानातून असाच पोचतो.

या पाकिटातल्या पराठ्याने नावाचा एक मोठा वादही घडवला. 2020 मध्ये कर्नाटकातल्या जीएसटीच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने पाकिटातला परोटा म्हणजे रोटी नव्हे असं ठरवलं, कारण तो खाण्यापूर्वी पुन्हा भाजावा लागतो. त्यामुळे रोटीला 5 टक्के कर आणि परोट्याला 18 टक्के. दोघांचं पीठ, लाटणं, तवा एक असताना एका नावाने तेरा टक्क्यांचं अंतर पडलं. 22 सप्टेंबर 2025 पासून चपाती, रोटी, पराठा, परोटा अशा सगळ्या भारतीय पोळ्या, नाव काहीही असो, करमुक्त झाल्या. हा निर्णय योग्यच होता.

नावाचा दुसरा प्रश्न मात्र उरलाच आहे. पाकिटांवर ‘फ्रोझन’ आणि ‘फ्रेश’ हे दोन शब्द सर्रास शेजारी दिसतात. ‘फ्रेश’ हा शब्द कुठे वापरावा यावर 2018 च्या अन्नसुरक्षा नियमांनी अटी घातल्या आहेत, आणि त्या घालायलाच हव्या होत्या. गोठवलेल्या पराठ्याला शिळा म्हणणं अन्यायाचं आहे. आजच लाटल्यासारखा ताजा म्हणणंही खोटं आहे. तो ‘गोठवलेला’ आहे, आणि या शब्दात काहीही कमीपणा नाही. उणे 18 अंशांवर जिवाणूंची वाढ थांबते, पण सगळे मरत नाहीत. पराठ्यातला बर्फ वितळला की उरलेले जिवाणू पुन्हा कामाला लागतात. हे ज्याला कळायला हवं तो माणूस मराठी वाचतो. म्हणून महाराष्ट्रात हे पदार्थ विकणाऱ्यांनी पाकिटावर मोठ्या मराठी अक्षरांत एवढं तरी छापावं: ‘गोठवलेला कच्चा पराठा. एकदा बर्फ वितळल्यावर पुन्हा गोठवू नये.’